बर्फ नाय, साखर नाय, पानी नाय

मुलाच्या, विपुलच्या, लग्नाची बोलणी करायला करावेहून उरणला निघायचं होतं आणि नामदेवशेट गाडीत बसायच्या आधीच तहानलेले होते. घरात फिल्टर होता, फ्रिज होता, बायकोने भरून घेतलेल्या बाटल्या होत्या. पण प्रवासात घरचं पाणी पिणं शेटना कमीपणाचं वाटे. बाहेर पडलं की रस्त्याकडेच्या गाडीपाशी थांबायचं, डोळ्यांसमोर फळ कापून घ्यायचं आणि ताजा रस प्यायचा, हा त्यांचा नियम होता. करावे ते बेलापूर हाही त्यांच्या लेखी प्रवासच होता.

या नियमाला लागणारं शास्त्र त्यांना रोज सकाळी मोबाइलवर फुकट मिळत असे. अमुक रसाने रक्त धुतलं जातं, तमुक रसाने यकृत नवं होतं. बाटलीबंद रस म्हणजे तर साक्षात विष. गाडीवाल्यासमोर उभं राहून ते एका दमात सांगत, "बर्फ नाय, साखर नाय, पानी नाय. मशीन पयली धू. फळ मी निवडनार." मग मोसंबं दाबून, हुंगून, एकदा कानाजवळ नेऊन ते निवड करत. मोसंबं कानात काय सांगतं, हे विचारायची हिंमत अजून कुणी केली नव्हती. अर्धा ग्लास झाला की तो पुढे धरून "जरा वर घाल" म्हणत, कारण मिक्सरच्या भांड्यात उरलेल्या रसावर गिऱ्हाइकाचा हक्क असतो, अशी त्यांची समजूत होती.

शेटच्या वडिलांनी खाडीकाठच्या शेतात भात पिकवला. त्या जमिनीच्या बदल्यात मिळालेल्या प्लॉटवर शेटनी इमारत उभी केली आणि ते भाडेकरू पिकवू लागले. काम असं काही उरलं नव्हतं. वेळ भरपूर होता आणि तो सगळा त्यांच्या जिभेच्या वाट्याला आला होता, खाण्यासाठीही आणि बोलण्यासाठीही.

याच जिभेने विपुलची जमत आलेली दोन लग्नं मोडली होती. उलव्याच्या पहिल्या स्थळाकडे शेटनी यजमानांना तुमची लिफ्ट फार बारीक आहे, आमच्याकडे सोफा उभाच्या उभा जातो, असं ऐकवलं. दुसरीकडे ताटातलं पापलेट बोटाने बाजूला सारून ते बर्फातलं असल्याचा निकाल दिला. मुलीची आई आत गेली ती बाहेर आलीच नाही. आता हे तिसरं स्थळ होतं आणि विपुल बत्तिशीला आला होता. त्यातून रुतिका त्याला मनापासून आवडली होती. दोघं बेलापूरला एकाच इमारतीत नोकरीला होते, त्यांचं आपसात ठरलंही होतं. राहिला होता तो फक्त तिच्या आजीचा होकार.

म्हणून संध्याबाईंनी नवऱ्याला दारातच अडवून बजावलं. "ताटात पडंल ते खायचं. काटासुद्धा चोखायचा. वर चांगलं झालंय बोलायचं, बस. या खेपेला काय वाकडं झालं तर मी आनि विपुल भाड्याच्या खोलीत जाऊन र्‍हाऊ. तुमच्याच बिल्डिंगमधी."

"मी काय ल्हान पोर हाय का?" असं म्हणत शेट गाडीत बसले आणि सीवूड्सच्या कोपऱ्यावर त्यांनी गाडी थांबवायला लावली.

तिथे कलिंगड होतं. शेटनी तीन मोठे ग्लास सांगितले. विपुलच्या अंगात नवा पांढरा शर्ट होता, त्याने ग्लासला हात लावला नाही. संध्याबाईंनी जरीचा पदर सांभाळत ओठ ओले केले आणि ग्लास परत दिला. ताजं फळ वाया घालवणं शेटच्या तत्त्वात बसत नव्हतं, त्यामुळे त्यांनी तिन्ही ग्लास संपवले आणि वर घालून घेतलं. बेलापूरला त्यांचा नेहमीचा प्रीतम मोसंबीवाला होता. त्याच्याकडे न थांबणं म्हणजे त्याचा अपमान, शिवाय त्याला मोसंबी कशी ओळखावी हे आठवड्यातून एकदा तरी सांगावं लागे. प्रीतम हे ज्ञान मान हलवून ऐकत असे, कारण तोवर दुसरा ग्लास खपलेला असे.

उलव्याच्या पुढे उसाची गाडी लागली. विपुल म्हणाला, "पप्पा, साखर नको बोलता ना तुम्ही? मग हा काय आहे?"

"ती देवानं घातलेली साखर," शेट म्हणाले आणि आलं-लिंबू वेगळं सांगून उतरले.

त्यानंतर मात्र ते थांबणार नव्हते, तसा शब्दच त्यांनी बायकोला दिला होता. पण उरणच्या रस्त्यावर कंटेनरच्या ट्रेलरांची रांग लागली, गाडी अडकली आणि जिथे अडकली तिथे शेजारीच अननसवाला उभा होता. ट्रॅफिकला काय मी थांबायला सांगितलं, असं म्हणून शेटनी काच खाली केली. रांग सुटेपर्यंत अननसाचे तीन ग्लासही आत गेले. मग उरण येईतो प्रत्येक गतिरोधकाला शेटच्या पोटात लाट उठू लागली आणि त्यांचं बोलणं बंद पडलं. संध्याबाईंना वाटलं, आपली ताकीद लागू पडली. लग्न झाल्यापासून एवढा शांत नवरा त्यांनी पाहिला नव्हता.

मुलीचे वडील रोहिदास एका गोदामात सुपरवायझर होते. ते हार घेऊन दारात उभे होते. गाडी पुरती थांबायच्या आत शेट उतरले, हाराखालून वाकून गेले आणि एवढंच म्हणाले, "मोरी कुठं हाय?"

बराच वेळ पाण्याचा आवाज येत राहिला. ओट्यावर बसलेली रुतिकाची पुतळाआजी हे सगळं बघत होती. तिने आयुष्यभर उरणच्या बाजारात मासळी विकली होती आणि घराची वीट न् वीट त्या टोपलीतून उभी केली होती. नवी मुंबईकडच्या पैसेवाल्यांबद्दल तिचं मत चांगलं नव्हतं. जमिनीचे पैसे आले आणि माणसांची तोंडं सुटली, असं ती म्हणे. स्थळ सांगून आलं तेव्हाच तिने लेकाला ठणकावलं होतं, "मना बिल्डिंग नको दाखवू. एका तरी गोष्टीला नाय बोलनारा मानूस त्या घरात हाय का, ते बघ." शेट ओल्या पायांनी, ओल्या चेहऱ्याने बाहेर आले तेव्हा ती सुनेला हळूच म्हणाली, की मानूस बरा दिसतो, हातपाय धुतल्याबिगर उंबरा ओलांडला नाय.

बोलणी चांगली झाली, कारण शेट बोललेच नाहीत. कुणी काही विचारलं की ते डोळे मिटून मान हलवत. हे गांभीर्य पाहून रोहिदास जरा दबूनच वागू लागले. मग पानं मांडली आणि संकट समोर येऊन बसलं.

ते संकट म्हणजे जिताडा, खाडीतला मोठा मासा. रोहिदास पहाटे स्वतः खाडीवर जाऊन तो घेऊन आले होते. तांदळाच्या भाकऱ्या, तळलेली कोलंबी, चिंबोरीचं कालवण हे सगळं होतंच, पण मान जिताड्याचा आणि त्यातही जिताड्याच्या डोक्याचा. हे डोकं ज्याच्या ताटात पडतं तो पंगतीतला सर्वांत मोठा पाहुणा, आणि ते ज्याने परतवलं त्याने सोयरीकच परतवली. पुतळाआजीने ते आपल्या हाताने वाढलं आणि पुढ्यात बसून राहिली.

जिताडा शेटच्या जिवाचा. त्याच्या वासावरून ते गल्लीतलं घर सांगत. पण आज घास आत गेला असता तर कलिंगडापासून अननसापर्यंतची सगळी फळं आल्या क्रमाने बाहेर आली असती. समोरून संध्याबाई बघत होत्या. शेजारी विपुल बसला होता. त्या पोराचं सगळं सुख त्या माशाच्या डोक्यात अडकलं होतं. शेटनी हात पुढे केला, तसा पोटातून हळूच एक आवाज आला आणि त्यांनी हात मागे घेतला.

"मी आज जेवत नाय," ते म्हणाले.

बरं नाही का, असं रोहिदासनी विचारलं. बरं नाही म्हणावं तर मुलाचा बाप आजारी ठरतो. वाटेत रस प्यायलो म्हणावं तर एवढा कुठे रस पितात, असा प्रश्न येतो. शेटची जीभ अडल्या वेळी कधी मागे राहिली नव्हती. ती म्हणाली, "उपवास हाय."

"बुधवारी?" रोहिदासच्या हातातली भाकरी तशीच राहिली.

त्यांचं चुकत नव्हतं. सोमवार शंकराचा, मंगळवार देवीचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. उरले त्यात बुधवार मासळीचा, आणि त्यावर आजवर कुठल्याही देवाने दावा केला नव्हता. उरणपासून ऐरोलीपर्यंत बुधवारचा उपवास करणारा माणूस कुणी पाहिला नव्हता.

"कंच्या देवाचा?" पुतळाआजीने विचारलं.

शेटना खिडकीतून लांबवर खाडी दिसत होती. "खाडीदेवाचा," ते म्हणाले.

"भरतीच्या का ओहोटीच्या?"

"भरतीच्या," शेट म्हणाले. त्या दिवसात ते एवढं एकच खरं बोलले.

आजीचे डोळे भरून आले. तिच्या सासूने सांगितलं होतं म्हणे, की खाडीत देव आहे, आठवड्यातून एक दिवस त्याच्या लेकरांना खायचं नसतं, पण आता ते कुणी पाळत नाही. तिच्या सासूने असं खरंच सांगितलं होतं की आजीला आत्ताच आठवलं, हे विचारणारं आता कुणी हयात नव्हतं. "किती वर्सं करतांव?" तिने विचारलं.

शेट बोटं मोजू लागले. तेवढ्यात संध्याबाईंनी भाकरीचा तुकडा मोडत शांतपणे सांगितलं, "आमचं लगीन झाल्यापासून. लय कडक हाय त्यांचं." कालच रात्री याच नवऱ्याने, उद्या बुधवार आहे, मासळीवालीला खाडीतल्या निवट्या सांगून ठेव, असं त्यांना झोपेतून उठवून सांगितलं होतं.

इथे शेट सुटू शकले असते. नवस मुलाच्या लग्नापुरता आहे, असं म्हटलं असतं तरी काम झालं असतं. पण आजी ज्या नजरेने बघत होती तसं त्यांच्याकडे आजवर कुणी पाहिलं नव्हतं, इमारतीला रंग दिला तेव्हासुद्धा नाही. सोडायचा कधी, असं तिने विचारलं आणि शेट म्हणाले, "आमच्यात सोडत नाय. मरंपर्यंत."

जिताड्याचं डोकं आजीने उचललं आणि विपुलच्या ताटात ठेवलं. "रुतिका या घरात दिली," ती म्हणाली. "मोठा मासा पुढ्यात असून नाय बोलला त्यो मानूस. मना आनि काय बघायचंय?"

विपुलने बापाकडे असं पाहिलं की शेटना क्षणभर खरोखर आपण उपवास करतो असं वाटलं. संध्याबाईंनी कोलंबी आणखी मागून घेतली. सगळं जमलं होतं. फक्त आजीला एकच रुखरुख लागली होती, की सोयरा दारातून उपाशी जाणार. उपवासाला काही चालतं का, असं तिने विचारलं. शेटनी घाईघाईने काहीच चालत नाही म्हणायला तोंड उघडलं, पण बायको त्यांच्या आधी बोलली.

"फळाचा रस चालतो. ताजा."

रोहिदास चप्पल शोधत बाहेर पळाले आणि थोड्याच वेळात बाजारातून स्टीलची बरणी काठोकाठ भरून घेऊन आले. "मोसंबीचा," ते धापा टाकत म्हणाले. "माझ्या डोल्यांसमोर काढून घेतला. बर्फ नाय, साखर नाय, पानी नाय. देवाचं काम, उगाच भेसल नको." पहिला ग्लास आजीने स्वतःच्या हाताने दिला. अर्धा झाल्यावर तिने न विचारता वर घातलं.

परतीच्या वाटेवर शेटनी रसाच्या एकाही गाडीकडे पाहिलं नाही.

घरी आल्यावर त्यांना वाटलं, चला, पोराचं जमलं, आता बुधवार आपला. पण पुढच्या बुधवारी दुपारी रुतिकाचा व्हिडिओ कॉल आला. आजीला सोयऱ्यांचा उपवास बघायचा होता. ताटातलं पापलेट टेबलाखाली ठेवून शेटनी फोनसमोर हात जोडले. त्यानंतर दर बुधवारी जेवायच्या वेळेला फोन येऊ लागला आणि उरणहून फळांची टोपलीही. संध्याबाई ती फळं मिक्सरमध्ये घालत, ग्लास नवऱ्यापुढे ठेवत आणि स्वतः विपुलबरोबर जेवायला बसत. करावेत दारावर मासळी आणणारी गंगू दर बुधवारी शेटसाठी चांगला वाटा बाजूला ठेवत आली होती. तिने दोनदा टोपली परत नेली आणि तिसऱ्यांदा संध्याबाईंना बाजूला घेऊन विचारलं, "नामाला डाक्टरनी काय मोठं सांगितलं काय गो?" मग शेटना गावालाही सांगावं लागलं, की नवस जुनाच आहे, आजवर गुप्त होता. गावाने मान हलवली. गावाने शेटना मागच्याच महिन्यात, बुधवारीच, एका बारशात चिंबोरी फोडताना पाहिलं होतं.

तरी शेटनी हे सगळं सोसलं, कारण त्यांची नजर हळदीवर होती. लग्न काय, कुणाचंही लागतं. करावेत घराची पत ठरते ती हळदीच्या मटणावर. तीस वर्षं ते लोकांच्या हळदी जेवत आणि त्यांत खोट काढत आले होते. कुणाकडे रस्सा पातळ, कुणाकडे हाडं जास्त. एकुलत्या एका मुलाच्या हळदीला गावाला असं जेवू घालायचं की नातवंडांनी नाव काढावं, हे त्यांचं जुनं स्वप्न होतं. बोकड ठरले होते, आचारी पेणहून येणार होता.

तिथी काढायला दोन्ही घरं बसली. भटजींनी दोन मुहूर्त काढले, एक सोमवारचा आणि एक गुरुवारचा. सोमवार चांगला, असं शेट लगेच म्हणाले, म्हणजे हळद रविवारी. आजीने त्यांचा हात हातात घेतला.

"तुमी रविवार धरून आमच्या सोयीचं बघतांव ते कळतं मना," ती म्हणाली. "पन गुरुवारीच लगीन करू. म्हंजे हलद बुधवारी, तुमच्या देवाच्या वाराला. पोरांचं कल्यान व्हईल."

बुधवार नको म्हणायला कारण पाहिजे होतं. खरं कारण एकच होतं आणि ते सांगितलं असतं तर रुतिकाही गेली असती. शेटनी विपुलकडे पाहिलं. विपुल हात जोडून बसला होता, देवाला की बापाला, ते कळत नव्हतं. शेट म्हणाले, "बुधवार तर बुधवार." गाडीत बसल्यावर त्यांनी हळूच विचारलं, की उपवास आपला एकट्याचा, गावाला मटण घालायला काय हरकत आहे. संध्याबाई म्हणाल्या, "मरंपर्यंत पालनार बोललांव ना? मग दारातल्या मांडवात बोकड कापनार? रुतिका फोनवर आजीला सगलं दाखवते." बोकड परत गेले. आचाऱ्यालाही नको म्हणून कळवलं.

हळदीच्या संध्याकाळी मांडवात रोषणाई जोरात होती, बेंजोही जोरात होता. जेवायला पुरी, बटाट्याची भाजी आणि वरण-भात होता. एका बाजूला बेलापूरचा प्रीतम आपली मशिनं मांडून उभा होता आणि त्याच्या डोक्यावर 'ताज्या फळांचा रस' असा झुलणारा फलक होता. करावेकरांनी आधी पुरीकडे पाहिलं, मग फलकाकडे, मग एकमेकांकडे. शेट ज्यांच्या हळदीत खोट काढून आले होते ते सगळे हजर होते आणि गप्प होते, हेच शेटना जास्त लागत होतं.

विपुलला हळद लागली. त्याची उष्टी हळद उरणला मुलीकडे पोचवायची होती. रिवाजाप्रमाणे गंगू आणि चारपाच बायका ताट घेऊन गाडीने गेल्या. त्या गेल्यानंतर काही वेळाने मांडवात एका माणसाचा मोबाइल वाजला. त्याने तो कानाला लावला, शेजाऱ्याच्या कानात काहीतरी सांगितलं आणि उठून शेटकडे आला. "दादूस, हलदीबरोबर पुरुष मानसं कमी गेली. बरं दिसत नाय. मी जातो." शेटना त्याच्या जबाबदारीच्या जाणिवेचं कौतुक वाटलं. मग दुसरा आला. मग भावकीच आली, हळदीला सोबत पाहिजे म्हणून. इंजिनं सुरू व्हायला लागली. बेंजोवाल्यांनीही टेम्पो काढला, कारण मुलीकडे वाजवायला कुणी नसेल, अशी त्यांना अचानक काळजी वाटली. थोड्या वेळात मांडवात उरले ते शेट, संध्याबाई, अंगभर पिवळा झालेला विपुल, मधुमेहामुळे प्रवास न झेपणारे दोन म्हातारे आणि प्रीतम.

तेवढ्यात उरणहून फोन आला. रोहिदास होते. मागे बेंजो वाजत होता आणि तो ओळखीचा होता.

"तुमची सगली मानसं हिते हायेत, काय टेन्शन घेव नका," रोहिदास म्हणाले. "पोटभर जेवतात. जिताडा हाय, मटन हाय. तुमचा नवस तुमच्या घरचा, आमच्यात बुधवारला नाय चालत भाजीभात. आये बोलते, संध्याबायसाठी आनि पोरासाठी डबा धाडलाय गंगूच्या हाती."

शेटनी विचारलं, "आनि मना?"

फोन आजीच्या हातात गेला. तिचा आवाज मायेने ओथंबला होता. "तुमाला ईसरंन का मी? मोसंबी धाडलीत. टोपलीभर."

शेटनी फोन खिशात ठेवला. मांडव रिकामा होता आणि पुऱ्यांचे डोंगर तसेच होते. विपुल जवळ आला, हळदीचे हात बापाच्या अंगाला लागू नयेत म्हणून मागे धरून उभा राहिला आणि म्हणाला, "पप्पा, थँक्यू." शेट उठून रसाच्या टेबलापाशी गेले. प्रीतमने त्यांना येताना पाहूनच मशीन धुवायला घेतलं होतं.

"तुमचा नेहमीचा ना, शेट? बर्फ नाही, साखर नाही, पाणी नाही?"

"घाल," शेट म्हणाले. "काय असंल ते सगलं घाल."

प्रीतमने ग्लास भरून दिला. शेटनी तो एका घोटात संपवला आणि वर घालायला पुढे धरला नाही.